रसद तोडायची म्हणजे नक्की कोणाची?

गेल्या शनिवारी पुन्हा एकदा राजगड झाला. कितव्यांदा ते मोजायचं मी सोडून दिलंय. नेहमीचाच बेत. भल्या पहाटे नसरापूर फाटा, मार्गासनी, साखर, गुंजवणे, मग चोरदरवाज्याने वर आणि पद्मावती माचीवर पोचल्या पोचल्या ताक. सोबत ऑफिसमधले पाच जण, त्यातले दोघे पहिल्यांदाच किल्ला चढत होते. दुपारी सावली शोधून डबे उघडले आणि गप्पा क्रिकेट, अप्रेझल, घरांचे भाव असं करत करत युद्धावर आल्या. कुठलं युद्ध ते सांगत नाही, कारण मागची काही वर्षं त्याची वानवा नाहीये. आमच्यातला एक जण (हुशार आहे, मनाने वाईट नाही, मोलकरणीच्या मुलीची फी भरतो) भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "सोपं आहे रे. चारी बाजूंनी वेढा घालायचा, रसद तोडायची, पाणी बंद करायचं. पंधरा दिवसांत गुडघे टेकतील. गोळीसुद्धा वाया घालवायची गरज नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही काही बोललो नाही. तोंडात घास होता हे एक, आणि योग्य उत्तर वेळेवर सुचण्याची देणगी आपल्याला नाही हे दुसरं. उत्तर सुचलं ते उतरताना, गुडघे बोलायला लागल्यावर. तेच इथे लिहितोय. जरा कडक होईल, पण इलाज नाही.

ज्या माचीवर बसून आम्ही हे बोलत होतो, तिथून ३६० वर्षांपूर्वी लोकांनी काय पाहिलं असेल?

१६६५ साल. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरला वेढा घालून बसलेत. मार्चअखेर वेढा पडला, एप्रिलच्या मध्यावर शेजारचा वज्रगड गेला. मुरारबाजी देशपांड्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण जयसिंग हा फार व्यवहारी सेनापती. एका किल्ल्याभोवती फौज बसवून भागत नाही, त्या किल्ल्याला आणि त्याच्या राजाला पोसणारा मुलूख मोडावा लागतो, हे त्याला कळत होतं. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याने दाऊदखान कुरेशीच्या हाताखाली सुमारे सहा हजारांची फौज वेगळी काढली आणि आमच्या मावळात सोडली. भोरजवळच्या रोहिड्यापाशी ही फौज २७ एप्रिलच्या सुमारास पोचली आणि तिने त्या भागातली पन्नासेक गावं जाळली. डोंगरात आडोशाला असलेली चार नांदती गावं होती, जिथे आधी शत्रू कधी पोचलाच नव्हता. तीही शोधून काढून जमीनदोस्त केली, माणसं आणि गुरं धरून नेली. मग ३० तारखेला राजगडाकडे, वाटेतली गावं पेटवत. राजगडाला वेढा घालायची त्यांची तयारीच नव्हती. त्यांनी पायथ्याची गावं लुटली आणि गडावरची शिबंदी ते वरून बघत राहिली. नंतर गुंजणखोऱ्याच्या खिंडीपाशी मुक्काम, पुढे शिवापूर, मग कोंढाण्याचा घेरा उद्ध्वस्त करून मे महिन्याच्या सुरुवातीला पुण्यात परत.

हे सगळं मराठ्यांच्या बखरीतलं रडगाणं नाही बरं का. ही माहिती जयसिंगाने स्वतः औरंगजेबाला पाठवलेल्या पत्रांतून आलीये. जदुनाथ सरकारांनी ती वापरली, आणि त्यांना कोणी भावनाविवश म्हणणार नाही. म्हणजे हा आरोप नाही, केलेल्या कामाचा अहवाल आहे. आपण वीकली स्टेटस रिपोर्ट पाठवतो ना, तसा.

आता एप्रिलअखेर आमच्या भागात गाव जळणं म्हणजे काय, ते सांगतो. माझं आजोळ भोर तालुक्यातलं, त्यामुळे एवढं मला कळतं. हे अनुमान आहे, पण शेती ज्याने पाहिलीये त्याला पटेल. भात, नाचणी, वरी काढून कधीच झालेली असते. वर्षाचं धान्य कणगीत असतं. पुढच्या पेरणीचं बियाणं राख लावून वेगळं ठेवलेलं असतं. गुरांना पावसाळाभर पुरेल एवढा पेंढा रचून ठेवलेला असतो. घरावर गवताचं छप्पर असतं. आणि पाऊस दीड-दोन महिन्यांवर. वेल्ह्याचा पाऊस ज्यांना माहीत नाही त्यांनी जुलैत एकदा येऊन जावं. तर अशा वेळी आग लावली की एकदमच चार गोष्टी जातात. यंदाचं अन्न, पुढच्या वर्षीचं पीक, बैल आणि डोक्यावरचं छप्पर. तलवारीने मेला नाही तो माणूस श्रावणात मरतो. आणि श्रावणात मेलेल्याची नोंद युद्धात मेलेल्यांत होत नाही. पन्नास गावांचा आकडा आपल्याला ठाऊक आहे, त्यातल्या एकाही माणसाचं नाव नाही.

आणि राजगड? राजगडाचा एक चिराही हलला नाही.

माझा मुद्दा इथेच सुरू होतो. "रसद तोडा" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर किल्लेदार उपाशी बसलेला असतो. पण किल्लेदार उपाशी राहतो तो सगळ्यांत शेवटी. आमच्या धंद्यात एक जुना वाद असतो, की अमुक गोष्ट बग आहे की फीचर. वेढ्यात सामान्य माणूस मरतो त्याला लोक बग समजतात. चुकून झालं, वाईट झालं, टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही हो. ते फीचरच आहे. अन्न कमी पडलं की ज्याच्या हातात हत्यार त्याला आधी मिळतं, कारण तो उपाशी राहिला तर तटावर उभं कोण राहणार? मग काम करणाऱ्याला. उरलं तर म्हाताऱ्यांना आणि पोरांना. ही व्यवस्था दुष्ट माणसंच करतात असं नाही, चांगली माणसंही हेच करतात, कारण वेढ्याचं गणितच तसं आहे. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेनिनग्राडमधलं पावाचं रेशन बघा. आघाडीवरच्या सैनिकाला दिवसाला ५०० ग्रॅम, कामगाराला २५० ग्रॅम, आणि मुलं-म्हातारे वगैरे 'अवलंबून असलेल्यांना' १२५ ग्रॅम. त्या पावातही भुसा मिसळलेला. ८७२ दिवस तो वेढा चालला. आठ लाखांच्या आसपास, काही अंदाजांप्रमाणे दहा लाख नागरिक मेले, बहुतेक भुकेने आणि थंडीने. शहर पडलं नाहीच. वेढा घालणाऱ्याला काय मिळालं? काही नाही. वेढ्यात पोरांनी काय गमावलं? सगळं.

आता नेहमीचे आक्षेप एकेक करून घेऊ, कारण ते मला पाठ झालेत.

पहिला आक्षेप: "समोरासमोरच्या लढाईपेक्षा वेढ्यात रक्त कमी सांडतं." रक्त कमी सांडतं हे खरं, कारण भुकेने मरणाऱ्याचं रक्त सांडत नाही. मोजमाप बदललं की आकडा आपोआप सुधारतो, हे आपल्यासारख्या मेट्रिक्सवाल्यांना कोणी वेगळं सांगायला नको. आणि कमी सांडतं ते कोणाचं? वेढा घालणाऱ्याचं. स्वतःच्या सैनिकाचा जीव वाचवायचा आणि त्याची किंमत समोरच्या लहान पोरांकडून वसूल करायची, हा सौदा आहे. करायचा तर करा, पण त्याला दया म्हणू नका.

दुसरा आक्षेप: "त्यांच्या नेत्यांनी शरण यावं. दोष त्यांचा." थोडा दोष त्यांचा असतोच, लोकांच्या आड लपणारा नेता मला काही पूज्य नाही. पण शरण जायचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो उपाशी नसतो, आणि जो उपाशी असतो त्याला शरण जायचा अधिकार नसतो. मग तुम्ही नक्की कोणावर दबाव आणताय? बरं, प्रत्येक वेळी शरणागती हवीच असते असंही नाही. लेनिनग्राडच्या बाबतीत १९४१ मध्ये हिटलरकडून आदेश होते की शहराने शरणागती देऊ केली तरी स्वीकारायची नाही, कारण मग त्या तोंडांना खायला घालावं लागेल. शहरातून बाहेर पडणाऱ्या नागरिकांवर तोफा डागायच्या, म्हणजे ते परत आत जातील आणि आतलं अन्न लवकर संपेल, असा हिशोब होता. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गला जर्मन सेनापती फॉन लीबवर खटला चालला, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिकन न्यायाधीशांना सांगावं लागलं की कायदा असा नसता तर बरं झालं असतं, पण आहे त्या कायद्यात हे बेकायदा नाही.

तिसरा आक्षेप, सगळ्यांत लाडका: "सामान्य लोकच त्यांना साथ देतात, मग भोगू देत." शाबास. हेच जयसिंगाचं म्हणणं होतं. मावळातली गावं शिवाजी महाराजांना साथ देत होती, यात काय शंका? कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल ही याच मातीतली माणसं. धान्य, माणूस, बातमी, सगळं या गावांतून गडावर जात होतं. तेव्हा "साथ देणाऱ्याला भोगू द्या" हा नियम तुम्हाला मान्य असेल, तर रोहिड्याच्या पन्नास गावांबद्दल तक्रार करायचा तुम्हाला काही हक्क नाही. एकच नियम दोन्हीकडे लावा. कंपायलर आडनाव बघत नाही, न्यायानेही बघू नये.

आणि इथे आपलंही थोडं ऐकून घेऊ. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरल्या तेव्हा त्यांनी गावंच जाळली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्यावर काव्य लिहून ठेवलंय, आणि त्याचं नाव आहे 'महाराष्ट्र पुराण'. तिकडच्या आया अजूनही पोरांना झोपवताना 'बर्गी' आले म्हणून गातात. ते बर्गी म्हणजे आपणच. १६६५ मध्ये जाळली गेलेली माणसं आणि १७४२ नंतर जाळणारी माणसं एकच भाषा बोलत होती. हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही.

उलटा अनुभवही आपल्या भाषेत मुरलाय. "पानिपत झालं" असं आपण सर्व्हर पडल्यावरसुद्धा म्हणतो. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे अडीच महिने काय होते? भाऊसाहेबांची छावणी अडकली होती आणि तिच्यात लढणाऱ्यांबरोबर बायका, पोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारोंनी लोक होते. दोन्ही बाजू एकमेकांची रसदच तोडत होत्या. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मग आपली बाजू उपाशी पडली. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. आपण हरलेल्या लढाईवर अडीचशे वर्षं चर्चा केली. उपाशी मेलेल्या यात्रेकरूंवर किती केली?

चौथा आक्षेप: "तो काळच वेगळा होता." होता ना. म्हणून तर याच काळातला दुसरा कागद काढतो. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र. त्याचा आशय असा, की दाणा-गवत आत्ताच उधळून टाकाल तर पुढे कुणब्यांच्या घरात घुसाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मग घरात कसाबसा तग धरून राहिलेला कुणबी परागंदा होईल आणि म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. एका राजाला सतराव्या शतकात हे कळत होतं. एकविसाव्या शतकात एसीत बसणाऱ्या आपल्याला कळायला काय हरकत आहे?

आणि आता तर कायदाही आहे. १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या जोड-प्रोटोकॉलने नागरिकांना उपाशी मारणं हे युद्धाचं साधन म्हणून निषिद्ध ठरवलं. (भारत त्यात सामील झालेला नाही. हेही आपल्याला माहीत असावं.) १९९८ च्या रोम करारात तो युद्धगुन्हा झाला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४१७ क्रमांकाचा ठराव करून त्याचा निषेध केला. आणि तरीही काय झालं? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली आणि अडीचशेच्या वर ओलीस नेली. निर्घृण काम, त्यावर वाद नाही. दोन दिवसांनी इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी गाझाची वीज, अन्न, इंधन बंद करून संपूर्ण वेढा जाहीर केला. २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहर परिसरात दुष्काळ असल्याचं अधिकृत मूल्यमापन आलं. हमासचे बंदूकवाले तेव्हाही होतेच. वजन घटलं ते बाळांचं.

सुदानमधलं अल-फाशेर तर आपल्या बातम्यांत आलंच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यापासून तिथे निमलष्करी दलाचा वेढा होता. शहराभोवती मातीचा बांध घातला, म्हणजे कोणी आत-बाहेर करू नये. आतले लोक शेवटी जनावरांची पेंड खायला लागले. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. भोरच्या बाजारात आजही म्हशीसाठी विकत मिळते. ती माणसं भिजवून, शिजवून पोरांना भरवत होती. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं आणि मग कत्तल झाली. म्हणजे वेढ्याने कत्तल टळते हाही भ्रम. आधी भूक, मग कत्तल, दोन्ही.

पुन्हा १६६५ कडे येतो. जूनमध्ये शिवाजी महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले आणि तह झाला. २३ किल्ले दिले, १२ ठेवले. आमचा रोहिडाही गेला. आपण हा तह जरा खाली मान घालूनच वाचतो. नाहीतर "तो गनिमी कावाच होता" असं म्हणून पटकन आग्र्याकडे वळतो. पण पुरंदर रिकामा झाला तेव्हा बाहेर किती माणसं आली माहितीये? सुमारे सात हजार. त्यात लढणारे चार हजार. म्हणजे तीन हजार बायका, पोरं, म्हातारी माणसं आत होती. मराठा सरदारांची कुटुंबं तिथे आसऱ्याला होती आणि गड लढून पडला असता तर त्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. महाराजांच्या मनात एवढं एकच कारण होतं असा माझा दावा नाही. फौजा कमी होत्या, मुलूख जळत होता, राजकारणही होतंच. पण ती सात हजार माणसं जिवंत बाहेर आली, कारण एका माणसाने ठरवलं की किल्ल्यांपेक्षा ती जास्त मोलाची आहेत. पाच वर्षांत, १६७० साली, कोंढाणा परत आला, पुरंदर परत आला, रोहिडा परत आला. त्या तीन हजारांतलं एकही मेलं असतं तर परत आलं नसतं. माझ्या मते महाराजांच्या मोठ्या निर्णयांपैकी हा एक आहे, आणि आपण त्याचं पोवाड्यात काही करू शकत नाही म्हणून त्याला लपवतो.

म्हणून माझ्या त्या मित्राला माझं उत्तर असं आहे. बाबा रे, तू राजगडाच्या माचीवर बसून जयसिंगाच्या छावणीतलं वाक्य बोललास. तुझे आजे-पणजे याच खोऱ्यातले असतील, तर ते गडावर असण्यापेक्षा खालच्या जळणाऱ्या गावांत असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आपण सगळे टीशर्टवर किल्लेदार आहोत, वंशावळीत बहुतेक कुणबीच.

राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगड झालंय. आनंदच आहे. आता फलक लागतील, गाइड येतील, लाइट अँड साउंड होईल. त्यात एक फलक सुवेळा माचीच्या टोकाला, खालच्या गावांकडे तोंड करून लावावा, एवढीच मागणी. त्यावर फक्त तारीख आणि घडलं ते लिहा: एप्रिल १६६५, दाऊदखानाची फौज, पन्नासेक गावं. सिंहासनाची उंची वगैरे बाकीच्या फलकांवर आहेच.

सोमवारी ऑफिसात तो मित्र भेटेल. हे सगळं बोलायचं धाडस होईल की नाही माहीत नाही. निदान एवढं तरी विचारीन, की तू म्हणालास ती रसद तोडायची म्हणजे नक्की कोणाची? आधी कोणाच्या ताटातली?

असो. गुडघे अजून दुखतायत.